डिलीट होत नाही? मग फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते आधी बघा

या वेळी प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर एकच विषय पुन्हा पुन्हा निघाला, विंडोजवर फाईल नाहीतर फोल्डर डिलीटच होत नाही. कुणाचे लग्नाचे व्हिडिओ अडकलेत, कुणाची निकालाची शीट, कुणाचं ग्रामपंचायतीचं अख्खं दप्तर. म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे आखडून छापलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : नमस्कार सर, माझा इचलकरंजीला फोटो स्टुडिओ आहे. पार्टीला डिलिव्हरी दिली की जुन्या लग्नांचं फूटेज मी डी ड्राईव्हवरून काढून टाकतो, बॅकअप वेगळ्या डिस्कवर असतो. आता एका फोल्डरमधल्या दोन व्हिडिओ फाईल जातच नाहीत. मेसेज येतो की फाईल कॉम सरोगेटमध्ये ओपन आहे. असलं काही मी कधी टाकलेलंच नाही. व्हायरस आहे का? पीसी बंद करून परत चालू केला, तरी तेच.

उत्तर : भाऊ, घाबरू नका, कॉम सरोगेट हा विंडोजचाच माणूस आहे. तुम्ही फोल्डर मोठ्या आयकॉनमध्ये बघता ना, प्रत्येक व्हिडिओवर त्यातलंच एक छोटं चित्र दिसतं, ते चित्र काढायला कुणीतरी तो व्हिडिओ उघडून त्यातली एक फ्रेम घ्यावी लागते. हे काम एक्सप्लोररने (फोल्डर उघडून दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) स्वतः केलं आणि फाईल खराब निघाली तर एक्सप्लोररच कोसळणार, म्हणून विंडोज ते काम एका वेगळ्या प्रोसेसला देतं, तीच ही कॉम सरोगेट. आता कार्डवरून कॉपी होताना मधेच कार्ड निघालं, फाईल अर्धवट राहिली, किंवा कोडेक (व्हिडिओ वाचून देणारा सॉफ्टवेअरचा भाग) नीट नाही, तर हा बिचारा चित्र काढत बसतो आणि फाईल हातातून सोडतच नाही. तुमच्या त्या दोनच फाईल अडतायत ना, बाकीच्या गेल्या ना, मग मला तरी हेच वाटतंय. खात्रीच करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) त्याच्यावर राईट क्लिक करून ओपन फाईल लोकेशन दाबा, विंडोजच्या सिस्टम-३२ फोल्डरमध्ये नेलं (किंवा त्याच्या शेजारच्या सिस-वॉव-६४ मध्ये) तर तो खरा. दुसरीकडेच कुठे नेलं तर मात्र अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

फाईल अशी धरून ठेवणं, म्हणजे लॉक, हे नेमकं काय ते एकदा नीट समजून घ्या, पुढच्या सगळ्या प्रश्नांना उपयोगी पडेल. कुठलाही प्रोग्रॅम फाईल उघडताना विंडोजला तीन गोष्टी सांगून ठेवतो, माझं काम चालू असताना दुसऱ्या कुणी ही वाचली तर चालेल का, हिच्यात लिहिलं तर चालेल का आणि ही डिलीट केली तर चालेल का. तिसऱ्याला तो नाही म्हणाला की त्याने फाईल सोडेपर्यंत विंडोज तुम्हाला ती डिलीट करू देणार नाही, तुम्ही घरचे मालक असलात तरी. सरकारी ऑफिसात कसं, फाईल एका साहेबांच्या टेबलावर असेल तर रेकॉर्ड रूमवाला ती निकाली काढू शकत नाही, तसंच. लिनक्सवर वेगळं असतं, तिथे उघडी फाईलसुद्धा डिलीट होते, नाव लगेच जातं आणि आतला मजकूर शेवटचा प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डिस्कवर राहतो. विंडोजने जुन्या काळापासून कडक रस्ता धरलाय आणि मला विचाराल तर साध्या वापरणाऱ्यासाठी तो बराय, चालू कामाखालून फाईल निघून जात नाही.

तर तुमच्यासाठी उपाय. फोल्डर उघडा, ऑल्ट आणि पी दाबा, उजवीकडचा प्रीव्ह्यू पेन बंद होईल (आधीच बंद असेल तर उघडेल, मग परत दाबा). व्ह्यूमध्ये जाऊन लिस्ट किंवा डिटेल्स करा म्हणजे चित्रं काढायचं काम थांबेल. अर्धा मिनिट थांबा आणि डिलीट करा. तरी नाही गेली तर टास्क मॅनेजरमध्ये कॉम सरोगेट निवडून एंड टास्क द्या, तो लागेल तेव्हा परत आपोआप उभा राहतो, काही बिघडत नाही. त्याच यादीत विंडोज एक्सप्लोरर आहे, त्याला रीस्टार्ट दिलं की टास्कबार दोन सेकंद गायब होऊन परत येतो आणि एक्सप्लोररने स्वतः धरलेलंही सुटतं. स्टुडिओत हे रोजचंच होणार असेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स ही टिक कायमचीच करून टाका, चित्रं दिसणार नाहीत पण ही कटकट जाईल.

आणि पीसी बंद करून चालू केला म्हणालात ना, तिथे एक गंमत नाही तर गोम आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शट डाऊनमध्ये तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा आतला गाभा, ड्रायव्हर आणि सर्व्हिस (मागे न दिसता चालणारे प्रोग्रॅम) सगळं धरून, डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि बटण दाबलं की तोच उठतो, म्हणजे एखाद्या सर्व्हिसने फाईल धरली असेल तर ती सकाळी पण धरलेलीच. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. तेव्हा फाईल अडली की शट डाऊन नको, रीस्टार्ट करा, आणि रीस्टार्ट झाल्यावर तो फोल्डर मोठ्या आयकॉनमध्ये न उघडता आधी डिलीट करा.

प्रश्न : सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. ऑफिसच्या पीसीवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये निकालाची एक्सेल शीट आहे. ती उघडली की 'लॉक्ड फॉर एडिटिंग' येतं आणि पुढे आमच्या एका सरांचं नाव येतं, ते सर दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले! जुनी शीट काढून नवीन टाकायची आहे, डिलीटही होत नाही. क्लार्क म्हणतात पासवर्ड त्या सरांनाच माहीत असणार, त्यांना फोन लावा.

उत्तर : ताई, सरांना फोन करायची गरज नाही आणि यात पासवर्डचा काही संबंध नाही. एक्सेल कुठलीही फाईल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाईल बनवतं, तिच्या नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलर असतो (~$) आणि पुढे तुमच्या शीटचंच नाव. त्या छोट्या फाईलमध्ये शीट कुणी उघडली आहे त्याचं नाव लिहिलेलं असतं, दुसरा कुणी उघडायला गेला की ते नाव त्याला दाखवलं जातं. आता हे नाव येतं कुठून, तर एक्सेलच्या फाईल मेनूमध्ये ऑप्शन्स, जनरल, तिथे युजर नेम म्हणून एक चौकट असते तिथून. म्हणजे शाळेतल्या ज्या पीसीवर सर बसायचे त्यावर ऑफिस टाकताना त्यांचं नाव घातलं गेलं, सर गेले पण त्या पीसीवर नाव तेच राहिलं, आणि आता त्यावर जो कोणी बसतो तो एक्सेलच्या लेखी तेच सर. तेव्हा पहिलं काम म्हणजे स्टाफ रूम, लॅब, ऑफिस असे सगळे पीसी फिरून बघा, कुठल्या एक्सेलमध्ये सरांचं नाव आहे, तिथे ती शीट आत्तासुद्धा उघडी असायची शक्यता आहे, मिनिमाईझ करून कुणीतरी जेवायला गेलेलं असतं. ती सेव्ह करून बंद करा आणि युजर नेमच्या चौकटीत 'लॅब पीसी ३' असं काहीतरी घाला, म्हणजे पुढच्या वेळी माणूस न शोधता मशीन शोधता येईल.

कुठेच उघडी नसेल तर मग लाईट गेली असणार. शीट उघडी असताना लाईट गेली किंवा एक्सेल हँग होऊन बंद पडलं तर ती छोटी फाईल पुसायची राहून जाते आणि एक्सेलला वाटतं अजून कुणीतरी आत आहे. फोल्डरमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स अशी टिक करा, पुसट रंगात ती छोटी फाईल दिसेल, फक्त तीच डिलीट करा, मूळ शीटला हात लावू नका, शीट मोकळी होईल.

ती छोटी फाईल पण जात नसेल तर ज्या पीसीवर फोल्डर शेअर आहे त्या पीसीवर जाऊन बसावं लागेल. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर दाबा, छोटी चौकट येते, तिच्यात इंग्रजीत एफ-एस-एम-जी-एम-टी, मग टिंब, मग एम-एस-सी असं सलग टाईप करून एंटर. शेअर्ड फोल्डर्सची खिडकी उघडेल, डावीकडे ओपन फाईल्स आहे ते दाबा, नेटवर्कवरून कुठल्या युजरने कुठली फाईल धरलीय ती सगळी यादी समोर येते. हव्या त्या ओळीवर राईट क्लिक करून क्लोज ओपन फाईल. पण थांबा ताई, हे करायच्या आधी एकदा मोठ्याने विचारा की कुणी निकालावर काम करतंय का, कारण इथून बंद केलं की समोरच्याने सेव्ह न केलेलं सगळं गेलं, आणि निकालाच्या दिवसांत चाळीस मुलांचे मार्क परत भरायचे म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी मडगावला असतो, वय ६८. भाच्याने एक फ्री अनलॉकर टाकून दिला, कुठलीही फाईल जबरदस्तीने डिलीट होते म्हणाला. टाकल्यापासून ब्राउझर भलतीच पानं उघडतोय. दुसरा कुठला चांगला अनलॉकर सांगाल का?

उत्तर : काका, आधी तो काढा. सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्समध्ये जाऊन यादी इन्स्टॉलच्या तारखेने लावा, त्या दिवशी आलेलं जे जे ओळखीचं नाही ते सगळं अनइन्स्टॉल करा, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्सही काढा. फुकटच्या अनलॉकरबरोबर असली पिलावळ यायची ही जुनीच गोष्ट आहे, नेक्स्ट नेक्स्ट दाबताना टिक तिथेच असते, आपण वाचत नाही.

आता चांगलं काय. काहीच न टाकता चालणारं म्हणजे विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर, स्टार्टमध्ये नाव टाईप केलं की येतो. त्यात सीपीयूचा टॅब, खाली असोसिएटेड हँडल्स, तिथल्या सर्चमध्ये अडलेल्या फाईलचं किंवा फोल्डरचं नाव टाका, कुणी धरलंय त्या प्रोग्रॅमचं नाव येतं. टाकायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं फुकट पॉवरटॉईज घ्या, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळतं. त्यात २०२२ पासून फाईल लॉकस्मिथ आलंय, फाईलवर राईट क्लिक करून ते निवडलं की धरणाऱ्यांची यादी आणि शेजारी एंड टास्क. तिसरं म्हणजे मार्क रुसिनोविच यांचं प्रोसेस एक्सप्लोरर, सिसइंटर्नल्स नावाच्या छोट्या टूल्सच्या संचातलं, २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आता तेही मायक्रोसॉफ्टच्याच साईटवर असतं. त्यातल्या फाईंड मेनूमधून नाव शोधायचं. त्यात क्लोज हँडल असा पर्याय दिसेल, तो मात्र तुम्ही वापरू नका काका. म्हणजे प्रोग्रॅम लिहीत असताना त्याच्या हातून कागद हिसकून घेण्यासारखं आहे, प्रोग्रॅमला कळतच नाही आणि डेटा खराब होऊ शकतो. प्रोग्रॅमच नीट बंद करावा, फाईल आपसूक सुटते. आणि यादीत सिस्टम असं नाव आलं तर एंड करायच्या भानगडीत पडू नका, रीस्टार्टच करा.

पुष्कळदा तर फोल्डर अगदी रिकामा असतो आणि तरी जात नाही, तेव्हा लोक जास्त चिडतात. कारण असं, तुम्ही वर्ड नाहीतर पीडीएफवाल्यातून त्या फोल्डरमधली फाईल उघडली, ती बंद केली, पण प्रोग्रॅम चालूच ठेवला. काही प्रोग्रॅम शेवटच्या फोल्डरमध्ये तसेच उभे राहतात, फाईल हातात नसली तरी पाय तिथेच. काळ्या खिडकीत, कमांड प्रॉम्प्टमध्ये, त्या फोल्डरमध्ये उभे असाल तरीही तेच. प्रोग्रॅम पूर्ण बंद केला की फोल्डर गेला.

जबरदस्तीबद्दल इतकं लिहितोय कारण माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांचा एकच फोल्डर डिलीट होत नव्हता म्हणून जवळच्या दुकानात नेला, दुकानदाराने सरळ डी ड्राईव्ह फॉरमॅट करून दिला. फोल्डर गेला. बरोबर मुलीच्या बारशापासूनचे फोटो पण गेले, त्यांनी सांगितलंच नव्हतं आणि त्याने विचारलंच नव्हतं. तो फोल्डर धरून बसलेला होता त्यांचाच बॅकअपचा प्रोग्रॅम. दोन मिनिटांचं काम होतं हो, आणि ते मला आजही सलतं.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत डेटा एंट्री ऑपरेटर आहे, जि. बुलढाणा. जुनं स्कॅन केलेलं दप्तर मोठ्या डिस्कवर हलवलं, आता मूळ पीसीवरून काढायचंय. काही फोल्डर निघतात, काहींना 'सोर्स फाईल नेम लार्जर' असं काहीतरी येतं. फाईलची नावं मराठीत आहेत, फार मोठी नाहीत. कुणी उघडलेलंही नाही. मराठी नावं चालत नाहीत का?

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण यात मराठीचा खरंच संबंध आहे, फक्त वेगळा. मराठी नावं विंडोजला अगदी व्यवस्थित चालतात. अडचण लांबीची आहे. विंडोजची जुनी मर्यादा अशी की ड्राईव्हच्या अक्षरापासून फाईलच्या शेवटच्या अक्षरापर्यंत सगळा पत्ता मिळून २६० च्या आत बसला पाहिजे, एकट्या फाईलचं नाव नाही, आतल्या आत असलेले सगळे फोल्डर धरून. आणि हे २६० मोजताना आपलं जोडाक्षर एक धरलं जात नाही, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतात. 'श्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटरला चार, श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. 'ग्रामपंचायत' लिहा, आपण मोजली तर सहा अक्षरं, कॉम्प्युटर मोजतो अकरा. आता तुमचे फोल्डर कसे असतील याचा मला अंदाज आहे, ग्रामपंचायत दप्तर, त्यात वर्ष, त्यात पाणीपुरवठा योजना, त्यात ठराव व प्रोसिडिंग, त्यात मासिक सभा आणि तारीख, आणि मग फाईलच्या नावात परत तेच सगळं. डोळ्यांना शंभरभर अक्षरं दिसतात आणि आत २६० कधीच ओलांडलेले असतात.

मग मुळात बनले कसे असं विचाराल. बनवताना पत्ता छोटा असतो, नंतर कुणीतरी वरच्या फोल्डरचं नाव बदलून लांब करतं, किंवा सगळं उचलून आणखी दोन फोल्डरच्या आत टाकतं, तेव्हा खालच्या हजार फाईलचा पत्ता एकदम लांबतो आणि विंडोज त्या वेळी तक्रार करत नाही. तक्रार करतं डिलीट करताना.

उपाय सोपा आहे. सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव बदलून नुसतं १ करा, त्याच्या आतल्याचं २, त्याच्या आतल्याचं ३, असं चार पायऱ्या गेलात की पत्ता इतका आखडतो की सगळं नेहमीसारखं डिलीट होतं. किंवा सगळ्यात आतला फोल्डर ओढून सरळ डी ड्राईव्हच्या मुळाशी आणा आणि तिथून काढा. फोल्डर शेकड्याने असतील तर सेव्हन-झिप टाका, फुकट आहे, त्याचा स्वतःचा फाईल मॅनेजर उघडून त्यातून शिफ्ट धरून डिलीट द्या, तो लांब पत्त्याला अडत नाही. फक्त शिफ्ट डिलीट म्हणजे रिसायकल बिनमध्ये काही राहत नाही, तेव्हा मोठ्या डिस्कवरच्या चार-पाच फाईल उघडून बघा आणि दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाईलची संख्या जुळते का ते बघा. हे बघणं महत्त्वाचं आहे कारण ज्या फाईलचा पत्ता लांब होता त्या कॉपी होतानाही सुटलेल्या असू शकतात! दप्तर आहे भाऊ ते, कुणाची घरपट्टीची पावती, कुणाची जन्माची नोंद, घाई करू नका. विंडोज १० मध्ये २०१६ च्या अपडेटपासून ही मर्यादा उठवायची सोय आहे पण फाईल एक्सप्लोररला तिचा उपयोग होत नाही, म्हणून मी ती सांगत बसत नाही. पुढच्या वर्षापासून फोल्डरला पापुयो, मासभा अशी छोटी नावं द्या आणि वरच्या फोल्डरमध्ये एक नोंद ठेवा की कशाचं काय.

प्रश्न : वडील गेले, त्यांच्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क मी माझ्या पीसीला लावली. फोटो घ्यायचे आहेत आणि बाकीचं काढायचंय. 'अॅक्सेस डिनाइड' येतं. मी अॅडमिनिस्ट्रेटर आहे, दोन्ही पीसीवर माझंच नाव होतं, पासवर्डही तोच. — पुण्याहून

उत्तर : ताई, इथे फाईल कुणी धरलेली नाही, हा वेगळा आजार आहे. मेसेज नीट वाचायचा तो यासाठीच, 'इन यूज' म्हणजे कुणाच्या तरी हातात आहे, 'अॅक्सेस डिनाइड' म्हणजे तुमच्या नावावर नाही. विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही, प्रत्येक अकाउंटला एक लांबलचक नंबर देतं, एस-१-५-२१ ने सुरू होणारा, आणि फाईलचा सातबारा त्या नंबरावर असतो. नव्या पीसीवर तुमचं नाव तेच असलं तरी नंबर दुसरा, म्हणून तुम्ही त्याला परक्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी बघा, अननोन अकाउंट आणि पुढे तो नंबर दिसेल.

सिक्युरिटीमध्येच अॅडव्हान्स्ड दाबा, वर ओनरच्या ओळीत चेंज आहे, तिथे तुमच्या अकाउंटचं नाव टाका, चेक नेम्स, ओके, मग खाली रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स अशी टिक येते ती करा आणि अप्लाय. खिडक्या बंद करून परत तिथेच या, अॅड दाबून स्वतःला फुल कंट्रोल द्या. फोटो जास्त असतील तर वेळ लागतो, मधे बंद करू नका. हे फक्त वडिलांच्या फोल्डरवर करा. तुमच्या स्वतःच्या सी ड्राईव्हवरच्या विंडोज फोल्डरवर ट्रस्टेड इन्स्टॉलरची (विंडोजच्या स्वतःच्या फाईलींचा मालक) परवानगी मागतो, तेवढ्या कारणाने तिथे हे कधीही करू नका, पीसी चालू व्हायचा बंद होईल.

आणि बाकीचं एकेक डिलीट करत बसू नका. फोटो, वर्ड फाईल, त्यांच्या डेस्कटॉपवरचं आणि डाउनलोड्समधलंसुद्धा सगळं दुसरीकडे कॉपी करा, उघडून बघा, आठवडाभर तसंच राहू द्या, मग ती डिस्क फॉरमॅट करा, ड्राईव्हचं अक्षर आणि साईज दोनदा बघून. एक धोका मात्र सांगून ठेवतो, एखाद्या फाईलच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसलं, किंवा जुन्या विंडोजमध्ये नाव हिरवं दिसत असेल, तर ती एन्क्रिप्ट केलेली आहे, मालकी घेतली तरी उघडणार नाही. तिची किल्ली वडिलांच्या जुन्या विंडोजमध्येच आहे. असं एकही कुलूप दिसलं तर ती डिस्क फॉरमॅट करू नका, परत जुन्या पीसीला लावा, त्यांच्याच लॉगिनने आत जा आणि तिथून ते एन्क्रिप्शन काढा.

प्रश्न : दुबईहून लिहितोय. लॅपटॉपची जागा मोकळी करायला वनड्राईव्हमधले फोटो डिलीट केले तर आईच्या फोनवरच्या त्याच अकाउंटमधूनही गेले. परत येतील का?

उत्तर : येतील, पण आजच करा. ब्राउझरमधून वनड्राईव्हला लॉगिन करा, तिथे वेगळं रिसायकल बिन आहे, घरगुती अकाउंटला ३० दिवस फाईल राहतात, सगळे निवडून रिस्टोअर द्या. वनड्राईव्हचा फोल्डर म्हणजे एकच घर, दारं दोन, एका दारातून बाहेर काढलेलं दुसऱ्या दारातून आत गेलात तरी दिसणार नाही. जागाच हवी असेल तर डिलीट नको, फोल्डरवर राईट क्लिक करून फ्री अप स्पेस करा, फोटो क्लाऊडवर राहतात आणि लॅपटॉपवर नुसतं नाव उरतं.

प्रश्न : अँटीव्हायरस अनइन्स्टॉल केला, त्याचा फोल्डर प्रोग्रॅम फाईल्समध्ये राहिला, सेफ मोडमध्ये पण जात नाही. — नांदेड

उत्तर : त्यांनी तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर व्हायरसनेच आधी अँटीव्हायरस डिलीट केला असता. प्रत्येक मोठ्या अँटीव्हायरस कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं, त्याच कंपनीच्या साईटवरून घ्या, चालवा, रीस्टार्ट करा. आणि ज्यांनी अजून सेफ मोड (अगदी गरजेपुरतंच चालू होणारं विंडोज) केलेला नाही त्यांच्यासाठी, शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ दाबा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मधेच मागू शकतो, ४८ आकडी असते, आठवणार नाही.

प्रश्न : पेनड्राईव्हमधलं काहीच डिलीट होत नाही, फॉरमॅट पण नाही, 'राईट प्रोटेक्टेड' म्हणतो. झेरॉक्सच्या दुकानात लावला तेव्हापासून. — मनमाड

उत्तर : पेनड्राईव्हच्या अंगावर छोटा खटका आहे का बघा, मेमरी कार्ड असेल तर डाव्या कडेला असतो, तो लॉककडे सरकलेला असेल तर परत मागे सरकवा, काम झालं. खटकाच नाही आणि दुसऱ्या दोन पीसींवर पण हेच येत असेल तर बहुतेक आतली चिप थकलीय, ती शेवटच्या दिवसांत लिहिणं बंद करते आणि वाचू तेवढं देते. फाईल उघडतायत ना अजून? मग आज रात्रीच सगळं पीसीवर कॉपी करून घ्या आणि पेनड्राईव्ह नवीन घ्या.